टँडेम प्रवेगकावरची पहिली शिफ्ट: बीमची जागा आणि ऊर्जा कशी बघायची, कशी टिकवायची

पेलेट्रॉन या टँडेम प्रवेगकावर बीमटाइम (प्रयोगासाठी बीम वापरायची वेळ) मिळाला, टार्गेटं तयार झाली, की नवा विद्यार्थी डिटेक्टर आणि डेटा घेण्याच्या यंत्रणेत बुडून जातो. बीमचं ऑपरेटर बघतील, असं धरून चालतो. ऑपरेटर बघतातच. कुलाब्याच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारातला १४ मेगाव्होल्टचा पेलेट्रॉन १९८८ सालापासून चालतो आहे आणि तिथल्या माणसांना तो नीट माहीत आहे. पण रात्री तीन वाजता तुमचा काउंट रेट अर्ध्यावर आला, तर नेमकं काय बिघडलं हे ऑपरेटरला सांगता यायला हवं. "बीम गेला वाटतं" एवढ्या माहितीवर कोणी मदत करू शकत नाही. हा लेख पहिल्यांदा शिफ्टला बसणाऱ्यांसाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. टँडेममध्ये बीमची जागा आणि बीमची ऊर्जा वेगवेगळी सांभाळता येत नाही. ॲनॅलायझिंग मॅग्नेटच्या (बीम वळवून हवी ती ऊर्जा निवडणाऱ्या चुंबकाच्या) पलीकडे ऊर्जेतली चूक जागेतली चूक म्हणून दिसते. स्टॅबिलायझर, म्हणजे ऊर्जा स्थिर ठेवणारं नियंत्रण, ती जागा वाचतो आणि त्यावरून टर्मिनलचं, म्हणजे यंत्राच्या मधल्या उच्च व्होल्टेजच्या भागाचं, व्होल्टेज सुधारतो. म्हणून जागा दुसऱ्याच कुठल्या कारणाने सरकली, तर स्टॅबिलायझर अगदी इमानाने चुकीची ऊर्जा धरून बसतो. पॅनेलवर सगळं हिरवं दिसतं आणि तुमचा डेटा बिघडत असतो.

आधी जवळ काय हवं

कागदपत्रं: बीमटाइम मंजूर झाल्याचं पत्र, ओळखपत्र, आवारात शिरायचा आगाऊ घेतलेला परवाना, किरणोत्सार सुरक्षेचं प्रशिक्षण झाल्याची नोंद आणि स्वतःच्या नावाचा टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सार नोंदवणारा). बॅज दुसऱ्याचा लावू नका, अगदी तासाभरासाठीसुद्धा नको. परवान्याचं काम शेवटच्या आठवड्यावर ढकललं की बीम चालू आणि माणूस गेटवर, अशी वेळ येते.

बीमची मागणी एका पानावर लिहा: कोणता आयन, किती ऊर्जा, ऊर्जेत किती फरक चालेल, टार्गेटवर किती करंट, बीमचा ठिपका किती मोठा चालेल, बीम सलग हवा की पल्स. "ऊर्जेत किती फरक चालेल" ही ओळ बहुतेकजण कोरी सोडतात, आणि स्लिट (बीमच्या वाटेतल्या, कमी-जास्त उघडता येणाऱ्या फटी) किती उघड्या ठेवायच्या ते याच ओळीवर ठरतं.

साहित्य: बीएनसी केबल, मल्टिमीटर, टार्गेटच्या शिडीवर लावायला एक क्वार्ट्झ आणि एक रिकामी फ्रेम, ऊर्जेच्या हिशोबाचा तक्ता आणि एक जाड वही. संगणकावरची नोंद असली तरी वही हवीच.

१. बीमचा रस्ता डोक्यात पक्का करा

आयन स्रोत सगळ्यात वर आहे. सीझियमचा मारा करून कॅथोडमधून ऋण आयन काढतात आणि १५० ते २५० केईव्हीपर्यंत (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट; एमईव्ही म्हणजे त्याच्या हजारपट) नेतात. इंजेक्टर मॅग्नेट हव्या त्या वस्तुमानाचे आयन निवडून ९० अंशांत खाली वळवतो. खाली एसएफ-६ या विद्युतरोधक वायूने भरलेल्या उंच पोलादी टाकीत, मधोमध, धन विद्युतभार असलेलं टर्मिनल आहे. ऋण आयन तिकडे ओढले जातात, तिथल्या पातळ कार्बन फॉइलमधून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन झडतात, ते धन होतात आणि तेच टर्मिनल आता त्यांना खाली ढकलतं. एकाच व्होल्टेजचा दोनदा फायदा. टाकीखाली ॲनॅलायझिंग मॅग्नेट बीमला पुन्हा ९० अंशांत वळवून आडवा करतो, आणि मग स्विचिंग मॅग्नेट तो तुमच्या बीमलाइनमध्ये पाठवतो.

सुरुवात ऋण आयनाने होते हे विसरू नका. नायट्रोजनचा टिकाऊ ऋण आयन बनत नाही, त्यामुळे नायट्रोजनचा बीम हवा असेल तर रेणूच्या रूपात आत सोडावा लागतो आणि करंटची अपेक्षा तशीच ठेवावी लागते. वस्तुमान १७ वर इंजेक्टर लावलात, तर ऑक्सिजन-१७ बरोबर ओएच रेणूही आत जातो. तो पुढे ॲनॅलायझिंग मॅग्नेटवर वेगळा होतो, पण वरच्या कपवर (करंट मोजणाऱ्या पेल्यावर) दिसणाऱ्या करंटमध्ये दोघंही असतात.

२. आकडे कागदावर काढा, मग कंट्रोल रूममध्ये जा

सूत्र सोपं आहे:

ऊर्जा = इंजेक्शनची ऊर्जा + (चार्ज स्टेट + १) × टर्मिनल व्होल्टेज

चार्ज स्टेट म्हणजे फॉइलनंतर आयनावर असलेला धन भार, इलेक्ट्रॉनच्या भाराच्या पटीत. ऑक्सिजन-१६ घ्या. टर्मिनल १० मेगाव्होल्टवर, चार्ज स्टेट ७+, इंजेक्शन ०.२ एमईव्ही. ऊर्जा आली ८०.२ एमईव्ही. १० मेगाव्होल्टला फॉइलमधून बाहेर पडताना ६+ सगळ्यात जास्त असतात, ७+ बरेच कमी. ६+ घेऊन तीच ऊर्जा हवी असेल, तर टर्मिनल ११.४ मेगाव्होल्टवर न्यावं लागेल. जास्त करंट आणि जास्त व्होल्टेज, की कमी करंट आणि शांत टर्मिनल? माझं मत स्पष्ट आहे: प्रयोगाला करंट पुरत असेल तर कमी व्होल्टेज घ्या. यंत्र आपल्या कमाल मर्यादेपासून दूर असलं की स्पार्क कमी आणि झोप जास्त.

आता मॅग्नेट. ८०.२ एमईव्हीच्या ऑक्सिजन ७+ ची चुंबकीय दृढता (क्षेत्र × वळणाची त्रिज्या) येते सुमारे ०.७४ टेस्ला-मीटर. हिशोबाला सोपं जावं म्हणून वळणाची त्रिज्या १ मीटर धरू. क्षेत्र ०.७४ टेस्ला, आणि एनएमआर प्रोबवर (प्रोटॉनच्या अनुनादावरून चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या साधनावर) प्रोटॉनची वारंवारिता सुमारे ३१.४ मेगाहर्ट्झ. तुमच्या यंत्राची खरी त्रिज्या घालून हा आकडा स्वतः काढा. ऑपरेटरचा आकडा आणि तुमचा आकडा जुळला नाही, तर बीम सुरू होण्याआधी विचारा. चार्ज स्टेट चुकीची निवडली गेली असेल तर ती इथेच पकडली जाते.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. या बीमसाठी टर्मिनल १ किलोव्होल्टने हललं, की ऊर्जा ८ केईव्हीने हलते. म्हणजे दहा हजारात एक भाग.

३. करंट वाचायला शिका

फॅराडे कप म्हणजे बीम अडवून त्याचा करंट मोजणारा धातूचा पेला. बीम आपटला की त्यातून इलेक्ट्रॉन उडतात. ते निसटले तर धन बीमचा करंट खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून कपच्या तोंडाशी एका कड्यावर काहीशे व्होल्टचं ऋण व्होल्टेज ठेवतात. शिफ्टच्या सुरुवातीला हे व्होल्टेज चालू आहे ना, ते बघा. बंद करून चालू केल्यावर करंटचा आकडा बदलला, तर कप नीट काम करतो आहे.

दुसरा सापळा चार्ज स्टेटचा. मीटरवर ७० नॅनोअँपिअर दिसले आणि बीम ७+ असेल, तर कणांच्या हिशोबात ते १० पार्टिकल नॅनोअँपिअर, म्हणजे सेकंदाला सुमारे ६.२ × १०^१० आयन. वहीत लिहिताना कोणता आकडा आहे ते प्रत्येक वेळी लिहा. क्रॉस सेक्शन (अभिक्रिया होण्याच्या शक्यतेचं माप) सातपटीने चुकल्याचं सहा महिन्यांनी कळणं फार त्रासाचं असतं.

४. बीम कुठे आहे: बीपीएम आणि क्वार्ट्झ

टँडेमवर बीपीएम म्हणजे बीम प्रोफाइल मॉनिटर. इंदूरच्या आरआरकॅटमधल्या इंडस-२ वरून कोणी आलं असेल तर गोंधळ होतो, कारण तिथे बीपीएम म्हणजे बीम पोझिशन मॉनिटर. त्या २.५ जीईव्हीच्या इलेक्ट्रॉन रिंगमध्ये बीमच्या चहूबाजूंनी बसवलेली बटणासारखी इलेक्ट्रोड त्याला न शिवता जागा सांगतात. समोरासमोरच्या संकेतांची वजाबाकी भागिले बेरीज, की जागा मिळाली. आपल्याकडचा बीपीएम बीमला शिवतो: एक वळवलेली तार बीममधून फिरते, तिच्यावरून उडालेले इलेक्ट्रॉन गोळा होतात, आणि एका फेरीत ऑसिलोस्कोपवर दोन उंचवटे उमटतात, एक आडव्या दिशेचा आणि एक उभ्या.

उंचवट्यांबरोबर मध्य दाखवणाऱ्या खुणा असतात. उंचवटा खुणेवर आहे का, आणि तो सुबक आहे का, या दोनच गोष्टी बघा. एका बाजूला लांब शेपटी असेल तर बीम वर कुठेतरी घासतो आहे. दोन शिखरं दिसली तर दोन वेगळे बीम येत असण्याची शक्यता धरा. उंचीकडे फार लक्ष देऊ नका, करंट कपवर मोजायचा असतो.

टार्गेटपाशी क्वार्ट्झ लावून कॅमेऱ्यात ठिपका बघतात. करंट अगदी कमी ठेवा, कारण क्वार्ट्झ तापतो आणि त्यावर विद्युतभार साचतो. क्वार्ट्झवर जुना, करपलेला तपकिरी डाग असतो. तिथे चकाकी कमी पडते, त्यामुळे बीम नेमका मध्यावर आला की ठिपका फिका होतो आणि बाजूला सरकवला की उजळतो. नवशिका मग उजळ ठिपक्यामागे जातो आणि बीम मध्यावरून दोन मिलिमीटर बाजूला नेऊन ठेवतो. क्वार्ट्झवर मध्यखूण कोरून घ्या आणि डागाची जागा वहीत काढून ठेवा. त्यानंतर रिकामी फ्रेम लावा: बीम मध्यावर असेल तर मागच्या कपमध्ये जवळजवळ सगळा करंट पोहोचतो आणि डिटेक्टर शांत राहतात. फ्रेमवर काउंट येत असतील तर बीमची कड धातूला लागते आहे.

५. मॅग्नेटला नेहमी एकाच बाजूने गाठा

लोखंडी गाभ्याच्या मॅग्नेटला इतिहास असतो (हिस्टेरेसिस). तोच विद्युतप्रवाह, पण वरून खाली येताना क्षेत्र वेगळं आणि खालून वर जाताना वेगळं. म्हणून ठरलेल्या पद्धतीने मॅग्नेट वर-खाली फिरवून घेतात आणि शेवटी नेहमी एकाच बाजूने हव्या त्या क्षेत्राला आणतात. पुढे गेलात तर अलगद मागे आणू नका, पुन्हा फेरी मारा. वीस मिनिटं जातात, पण दोन दिवसांनी तीच ऊर्जा पुन्हा लावता येते.

ॲनॅलायझिंग मॅग्नेटवर एनएमआरचा आकडा प्रमाण मानायचा. हॉल प्रोब तापमानाबरोबर सरकतो, एनएमआर सरकत नाही. पण क्षेत्र झपाट्याने बदललं की एनएमआरची पकड सुटते आणि काही उपकरणांत नुसत्या गोंगाटावर आकडा फिरत राहतो. पडद्यावर संकेताचा आकार दिसत असेल तरच आकडा खरा माना. स्विचिंग मॅग्नेट आणि क्वाड्रुपोल (बीम फोकस करणारे मॅग्नेट) यांना बहुतेक वेळा एनएमआर नसतो, तिथे हिस्टेरेसिसची काळजी जास्त घ्यावी लागते. थंड पाण्याच्या तापमानाचीही नोंद ठेवा.

६. ऊर्जा कशी टिकते: साखळी, कोरोना आणि स्लिट

हा भाग सावकाश वाचा.

टर्मिनलवर विद्युतभार पेलेटच्या (धातूच्या छोट्या नळकांड्यांच्या) साखळीने चढवला जातो. तो निरनिराळ्या वाटांनी गळतो: स्तंभावरच्या रोधकांतून, बीमबरोबर आणि कोरोनातून. येणारा आणि जाणारा भार समान असेल तर व्होल्टेज स्थिर. धरणात येणारं पाणी आपल्या हातात नसताना दरवाजा कमी-जास्त उघडून पातळी राखावी, तसं काम कोरोना प्रोब करतो. टाकीच्या भिंतीतून टर्मिनलच्या दिशेने सरकवता येणाऱ्या टोकदार सुया, आणि त्यांतून वाहणारा काही दहा मायक्रोअँपिअरचा प्रवाह. हा प्रवाह एका इलेक्ट्रॉनिक नळीतून जातो आणि नळीला मिळणाऱ्या संकेताप्रमाणे वाढतो किंवा घटतो.

संकेत तीन ठिकाणांहून येतो. पहिला जीव्हीएम, म्हणजे जनरेटिंग व्होल्टमीटर: फिरत्या पात्यांआडून टर्मिनलचं विद्युतक्षेत्र मोजतो, बीम असो वा नसो. तो हळू आहे आणि थोडा सरकतो, पण कायम हजर असतो. दुसरा सीपीओ (कपॅसिटिव्ह पिक-ऑफ), टाकीच्या भिंतीवरची एक पट्टी: साखळीमुळे येणारे जलद चढउतार तिला दिसतात, स्थिर व्होल्टेज दिसत नाही. तिसरा आणि सर्वात अचूक संकेत खुद्द बीमचा.

ॲनॅलायझिंग मॅग्नेटनंतर इमेज स्लिटच्या दोन जबड्यांवर बीमच्या दोन कडा थोड्याशा घासतात. टर्मिनल वर गेलं की ऊर्जा वाढते, बीम कमी वळतो आणि जास्त ऊर्जेकडच्या जबड्यावरचा प्रवाह वाढतो. टर्मिनल खाली आलं की उलट. दोन्ही प्रवाहांच्या लॉगॅरिदमची वजाबाकी घेतली की करंट कमी-जास्त झाला तरी चिन्ह आणि प्रमाण बरोबर राहतं. तो फरक कोरोनाच्या नळीला जातो.

किती बारीक? त्रिज्या १ मीटर, आणि वस्तू व प्रतिमा दोन्ही अंतरं २ मीटर असलेल्या, दोन्ही दिशांनी फोकस करणाऱ्या ९० अंशी मॅग्नेटचा विक्षेप (संवेग बदलल्यावर बीम किती सरकतो त्याचं माप) ४ मीटर येतो. म्हणजे बीम १ मिलिमीटर सरकला तर संवेगात चार हजारात एक भाग फरक, आणि ऊर्जेत दोन हजारात एक. आपल्या ८० एमईव्हीच्या बीमला तो ४० केईव्ही, आणि टर्मिनलवर ५ किलोव्होल्ट.

सुरुवात करण्याचा क्रम असा ठेवा:

१. जीव्हीएमच्या नियंत्रणावर टर्मिनल हिशोबातल्या व्होल्टेजला आणा. कोरोना प्रवाह मधल्या पट्ट्यात येईल अशी सुयांची जागा लावा. प्रवाह शून्याला टेकला असेल तर नियंत्रणाला खाली जायला जागाच उरत नाही.

२. मॅग्नेट एनएमआरवर लावा आणि स्लिट रुंद ठेवून इमेज कपवर (इमेज स्लिटमागच्या कपवर) बीम शोधा. शोधताना व्होल्टेज थोडं हलवा, मॅग्नेट नको.

३. बीम सापडल्यावर ऑब्जेक्ट स्लिट (ॲनॅलायझिंग मॅग्नेटच्या आधीची) आणि त्या आधीचे स्टीअरर (बीमची दिशा किंचित वळवणारी साधनं) बघून बीम तिथे मध्यावर आणा. ही पायरी टाळू नका.

४. इमेज स्लिट हळूहळू मिटा. दोन्ही जबड्यांवर सारखा, थोडासा प्रवाह दिसला की थांबा.

५. स्लिटच्या फरकाचा काटा शून्यावर असताना जीव्हीएमचा संदर्भही त्याच व्होल्टेजला जुळवा. मगच नियंत्रण स्लिटवर न्या.

पाचवी पायरी विसरली जाते. बीम क्षणभर जरी गेला, तरी स्वयंचलित नियंत्रण स्लिटवरून जीव्हीएमवर उडी मारतं. तिथला संदर्भ वीस किलोव्होल्ट बाजूला असेल, तर टर्मिनल तिकडे जातं, बीम परत आला तरी स्लिटवर पडत नाही, आणि नियंत्रण परत स्लिटवर येत नाही. एका सेकंदाचा खंड अर्ध्या तासाचा होतो.

सगळं जुळलं की एक चाचणी करा. ऑपरेटरला विचारून ॲनॅलायझिंग मॅग्नेट अगदी किंचित वर न्यायला सांगा आणि टर्मिनलच्या काट्याकडे बघा. काटा आपोआप, थोड्या अंतराने, मॅग्नेटच्या मागोमाग चढतो. मॅग्नेट पुढे आणि व्होल्टेज मागे: स्लिट नियंत्रणात यंत्राची ऊर्जा मॅग्नेट ठरवतो, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही. काटा हललाच नाही, तर एखाद्या जबड्याची तार सुटलेली आहे किंवा नियंत्रण अजून जीव्हीएमवरच आहे.

गेन (नियंत्रण चुकीला किती जोरात उत्तर देतं ते) वाढवला की स्थिरता वाढते, हे ठरावीक मर्यादेपर्यंतच. त्यापुढे टर्मिनल स्वतःच डोलायला लागतं. स्लिटच्या फरकाचा संकेत ऑसिलोस्कोपवर बघून गेन लावा, आणि डोलणं दिसलं की गेन एक पायरी खाली आणा.

७. काउंट रेट घसरला: कुठे बघायचं

वरून खाली जा. पण मधला कप आत घालण्याआधी सगळ्यांना सांगा आणि डेटा थांबवा. कप आत गेला की स्लिटवरचा बीम जातो आणि नियंत्रण जीव्हीएमवर येतं.

टाकीच्या वरच्या कपवरच करंट कमी असेल, तर प्रश्न स्रोताचा: कॅथोड झिजला, सीझियम कमी पडला. वर ठीक आणि टाकीखाली कमी, तर बहुतेक फॉइल. कार्बन फॉइल बीमखाली हळूहळू जाड होते, आक्रसते, शेवटी फाटते. जाड झाली की आयन जास्त विखुरतात आणि थोडी जास्त ऊर्जा गमावतात. इमेज कपवर सगळं ठीक आणि तुमच्या टार्गेटवर कमी, तर तुमच्या बीमलाइनचे स्टीअरर, क्वाड्रुपोल किंवा स्विचिंग मॅग्नेट.

आता सगळ्यात फसवी परिस्थिती. करंट ठीक, स्लिटचा फरक शून्य, एनएमआर जागच्या जागी. पण जीव्हीएम संध्याकाळपेक्षा ५ किलोव्होल्ट वर दाखवतो आहे. याचा एक अर्थ असा, की जीव्हीएम स्वतः सरकला. दुसरा अर्थ जास्त गंभीर आहे: ऑब्जेक्ट स्लिटपाशी बीम १ मिलिमीटर सरकला आहे. मॅग्नेट तेवढाच फरक इमेजवर उमटवतो, स्टॅबिलायझर त्याला ऊर्जेतली चूक समजतो आणि ती "सुधारण्यासाठी" व्होल्टेज बदलतो. बीम स्लिटच्या मध्यावर परत आलेला असतो, ऊर्जा मात्र ४० केईव्हीने चुकलेली असते. फॉइल बदलल्यावर किंवा कोणी वरचा स्टीअरर हात लावून "करंट वाढवल्यावर" हे होतं. ओळखायला ऑब्जेक्टपाशी बीपीएम बघा, आणि उपाय म्हणून ऑब्जेक्ट स्लिट मुळातच अरुंद ठेवा. करंट थोडा जातो, पण बीमला सरकायला वाव राहत नाही. ऊर्जेला नाजूक प्रयोग असेल, म्हणजे रेझोनन्स (ठरावीक ऊर्जेलाच अभिक्रिया एकदम वाढणं) किंवा कूलोम बॅरियरजवळचं (अणुकेंद्रांच्या विद्युत प्रतिकर्षणाच्या अडथळ्याजवळचं) फ्यूजन, तर हा सौदा मी दर वेळी करेन.

म्हणूनच दर तासाला एनएमआर आणि जीव्हीएम दोन्ही लिहा. एकट्या आकड्यावरून हा दोष दिसत नाही.

८. टार्गेटवर बीम धरून ठेवा

टार्गेटच्या आधीच्या क्वाड्रुपोलचा प्रवाह थोडा बदला आणि क्वार्ट्झवर ठिपका बघा. ठिपका जागेवरच रुंद-अरुंद झाला, तर बीम क्वाड्रुपोलच्या मध्यातून जातो आहे. ठिपका चालायला लागला, तर तो कडेने जातो आहे. त्याच्या आधीचा स्टीअरर लावा आणि पुन्हा बघा. हे काम पाच मिनिटांचं असतं आणि पुढे फोकस करताना बीम पळत नाही.

प्रयोग चालू असताना क्वार्ट्झ लावता येत नाही. तेव्हा डावी-उजवीकडे सारख्या कोनावर ठेवलेले दोन मॉनिटर डिटेक्टर तुमचे डोळे आहेत. पुढच्या कोनांवर रदरफोर्ड प्रकीर्णन (अणुकेंद्रांच्या विद्युतभारामुळे आयन विखुरणं) कोनाबरोबर इतकं तीव्र बदलतं, की जागा लगेच कळते. डिटेक्टर २० अंशांवर, टार्गेटपासून ५० सेंटिमीटरवर असतील, तर बीम १ मिलिमीटर बाजूला गेल्यावर एकाचे काउंट सुमारे २ टक्क्यांनी वाढतात, दुसऱ्याचे तेवढेच घटतात, आणि गुणोत्तर ४ टक्क्यांहून जास्त हलतं. गुणोत्तर सतत पडद्यावर ठेवा. निष्कर्ष काढण्याआधी पुरेसे काउंट जमू द्या: दोन्हीकडे दहा-दहा हजार काउंट असतील तर गुणोत्तरातली सांख्यिकीय अनिश्चितता दीड टक्क्याच्या आत येते. शंभर काउंटवर बीम हलवायला सांगणं ऑपरेटरवर अन्याय आहे.

टार्गेटच्या खोलीत जायचं असेल तर बीम बंद, खोली तपासणी आणि इंटरलॉकचा पूर्ण क्रम पाळा. "दोन मिनिटांत केबल लावून येतो" हे कारण चालत नाही.

९. ऊर्जेचा आकडा खरा आहे का

एनएमआरवरून ऊर्जा काढताना मॅग्नेटचा स्थिरांक लागतो, आणि तो माहीत असलेल्या अभिक्रियांवरून ठरवतात. प्रोटॉनने न्यूट्रॉन निघायला लागतात ती किमान ऊर्जा लिथियम-७ ला १.८८ एमईव्ही, कार्बन-१३ ला ३.२४ आणि ॲल्युमिनियम-२७ ला ५.८०. वरच्या टोकाला कार्बन-१२ वरच्या प्रोटॉन प्रकीर्णनातला १४.२३ एमईव्हीचा अरुंद रेझोनन्स. शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं आणि स्थिरांक किती आला, ते ऑपरेटरकडून घेऊन वहीत उतरवा. स्वतःच्या डिटेक्टरवर सोन्याच्या पातळ टार्गेटवरचं प्रत्यास्थ शिखर (अणुकेंद्राला उत्तेजित न करता विखुरलेल्या आयनांचं) रोज एकदा बघा. तेवढ्याने निरपेक्ष ऊर्जा मिळत नाही, पण कालपासून काही हललं असेल तर कळतं.

१०. पुढे लिनॅक असेल तर

टीआयएफआरमध्ये पेलेट्रॉननंतर अतिवाहक लिनॅक, म्हणजे सरळ रेषेतला प्रवेगक, आहे. तांब्यावर शिशाचा थर दिलेले, १५० मेगाहर्ट्झवर चालणारे क्वार्टर-वेव्ह रेझोनेटर, सात क्रायोस्टॅटमध्ये (अतिथंड ठेवलेल्या टाक्यांमध्ये) मिळून २८. पूर्ण लिनॅक २००७ पासून वापरात आहे. तिथे बीम गुच्छांच्या रूपात, ठरलेल्या क्षणी पोहोचावा लागतो. १५० मेगाहर्ट्झचं एक आवर्तन ६.७ नॅनोसेकंदांचं, म्हणजे आवर्तनाचा एक अंश १८.५ पिकोसेकंद. आपला ८० एमईव्हीचा ऑक्सिजन प्रकाशाच्या दहा टक्क्यांहून थोड्या जास्त वेगाने धावतो. टर्मिनल १ किलोव्होल्टने हललं, तर १० मीटरच्या प्रवासात पोहोचायची वेळ सुमारे १६ पिकोसेकंदांनी चुकते, जवळजवळ एक अंश. म्हणून लिनॅकवर जाणाऱ्यांनी या लेखातल्या सहाव्या भागाला दुप्पट वेळ द्यावा.

लिनॅकच्या बिघाडाची तऱ्हा वेगळी ओळखू येते. एखाद्या रेझोनेटरचा फेज लॉक (त्याची लय ठरलेल्या लयीशी जुळवून ठेवणारं नियंत्रण) सुटला की ऊर्जा हळूहळू सरकत नाही, त्या रेझोनेटरच्या वाट्याएवढी एकदम पडते. प्रत्यास्थ शिखर दोन ठिकाणी दिसायला लागलं, तर लॉकच्या दिव्यांकडे बघा.

११. शिफ्ट देताना

पुढच्याला तोंडी सांगा आणि वहीतही लिहा: वेळ, आयन आणि चार्ज स्टेट, एनएमआर, जीव्हीएम, कोरोना प्रवाह, दोन्ही जबड्यांचे प्रवाह, नियंत्रण स्लिटवर आहे की जीव्हीएमवर, वरच्या आणि इमेज कपवरचा करंट, मॉनिटरचं गुणोत्तर, फॉइल शेवटची कधी बदलली, स्पार्क झाला असेल तर केव्हा. कोणी कुठला स्टीअरर हलवला असेल तर आधीचा आणि नंतरचा आकडा, दोन्ही. फॉइल बदलल्यानंतरच्या पहिल्या रनवर वेगळी खूण करा, म्हणजे विश्लेषण करताना तो रन आधी तपासता येतो.

येणारा विद्यार्थी पहिल्यांदाच बसत असेल तर लगेच निघू नका. त्याच्यासमोर दर तासाची एक नोंद त्यालाच करू द्या, आणि एनएमआर व जीव्हीएम मागच्या नोंदीशी ताडून बघायला सांगा.